घाटनदेवी कोणत्या बाजूची?

इगतपुरीत परदेशी माणूस दिसण्याचे कुणाला नवल वाटत नाही. १९७६ पासून गावात धम्मगिरी आहे. शिबिर संपले की दोन-चार जण बाजारात येतात, चहा घेतात आणि गाडी धरून निघून जातात. सहा-सात वर्षांपूर्वी अशाच एका साठीच्या जपानी गृहस्थांना घाटनदेवीच्या देवळात नेण्याचे काम माझ्याकडे आले. त्यांची इंग्रजी माझ्याइतकीच मोडकीतोडकी, त्यामुळे आमचे चांगले जमले. देवळात त्यांनी दोनदा कमरेत वाकून नमस्कार केला, दोनदा टाळी वाजवली आणि पुन्हा एकदा वाकले. टाळीचा आवाज ऐकून पुजारी माझ्याकडे बघू लागले. शिंतो देवस्थानात असाच नमस्कार करतात, एवढे मी वाचले होते, ते त्यांना सांगितले.

बाहेर आल्यावर पाहुणे दरीच्या कडेला बराच वेळ उभे राहिले. समोर त्रिंगलवाडीचा डोंगर होता आणि खाली कसाऱ्याकडे उतरणारी झाडी. मग त्यांनी विचारले, "ही देवी कोणत्या बाजूची? वरच्या की खालच्या?" मी लगेच म्हणालो, "वरच्या. देऊळ नाशिक जिल्ह्यात आहे. खाली कसारा, तो ठाणे जिल्हा." त्यांनी मान हलवली, पण समाधान झाल्यासारखी नाही. मी दिलेले उत्तर तलाठ्याचे होते, हे मला रात्री अंथरुणावर पडल्यावर कळले.

हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर आहे. त्याचबरोबर माझ्याच एका जुन्या लेखाचे हे खंडनही आहे.

तीन तयार उत्तरे

घाटनदेवी कोण, याची तीन उत्तरे आज उपलब्ध आहेत. पहिले कथेचे. देवी वज्रेश्वरीहून कोल्हापूरकडे निघाली होती, वाटेत या डोंगरांची शोभा पाहून ती इथेच थांबली, असे सांगतात. नवदुर्गांमधली पहिली जी शैलपुत्री, ती हीच, असेही सांगतात. ही कथा खोटी म्हणून बाजूला सारण्याची घाई मी करणार नाही. तिच्यात एक गोष्ट आपसूक आली आहे. ही देवी मूळची प्रवासी आहे. ती इथे जन्मली नाही, प्रकटही झाली नाही. जाता जाता थांबली. घाटमाथ्यावर दमून टेकलेल्या माणसाचेच हे वर्णन आहे. मात्र तिला शैलपुत्री म्हटले की हा तपशील पुसट होतो. शैलपुत्री काशीतही आहे. मग इथलीच ती का, हा प्रश्न विचारायचे कारण उरत नाही.

दुसरे उत्तर पर्यटनाच्या माहितीपत्रकांचे. निसर्गरम्य परिसर, पावसाळ्यात धबधबे, नवरात्रात यात्रा, मुंबई-आग्रा महामार्गाला लागूनच. यात चूक काहीच नाही, पण हाती लागण्यासारखेही काही नाही. देवीच्या जागी उपाहारगृह असते तरी यातली बरीच वाक्ये तशीच चालली असती.

तिसरे उत्तर दामोदर धर्मानंद कोसंबी यांचे. ज्यांचे शिक्षण माझ्यासारखे वाचनालयात आणि रेल्वेच्या प्रवासात झाले, त्यांच्यावर कोसंबींचे किती ऋण आहे हे वेगळे सांगायला नको. गणिताचा हा प्राध्यापक काठी घेऊन पुण्याच्या आसपासच्या टेकड्या पालथ्या घालत होता आणि शेंदूर फासलेल्या दगडांची नोंद ठेवत होता. 'मिथ अँड रिअ‍ॅलिटी' हे त्यांचे पुस्तक १९६२ चे. मातृदेवतांच्या ठाण्यांवरचे प्रकरण ते 'मृच्छकटिका'तल्या चारुदत्तापासून सुरू करतात. चारुदत्त संध्याकाळी चव्हाट्यावर मातृदेवतांना बळी ठेवायला का सांगतो? घरात नाही, देवळात नाही, चव्हाट्यावरच का? तिथून कोसंबी सह्याद्रीत येतात. भटक्या टोळ्यांच्या वाटा जिथे एकमेकींना छेदत, तिथे या देवींची ठाणी होती. त्याच वाटांवरून पुढे व्यापारी तांडे चालू लागले. त्याच वाटांवर बौद्धांनी लेणी खोदली. कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या दारात एकवीरा का बसली आहे, याचा उलगडा त्या विवेचनाने होतो.

हा विचार आमच्या घाटाला लावला तर तो चपखल बसतो. नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांतल्या उषवदाताच्या लेखात गोवर्धन आणि शूर्पारक ही नावे एकत्र येतात. गोवर्धन म्हणजे नाशिकचा परिसर, शूर्पारक म्हणजे सोपारा बंदर. एकच दाता दोन्हीकडे दान देतो, त्याअर्थी त्या दोहोंमध्ये ये-जा होती. आणि सोपारा-कल्याणहून नाशिककडे चढायची सोयीची वाट म्हणजे थळ घाट. त्या वाटेच्या माथ्यावर घाटनदेवी बसली आहे. तिच्या नावातच तिचे काम आहे.

माझी चूक

वीसेक वर्षांपूर्वी एका स्थानिक स्मरणिकेसाठी मी कोसंबींच्या आधाराने लेख लिहिला. घाटनदेवी म्हणजे जुन्या व्यापारी वाटेचे जीवाश्म, असे त्यात ठामपणे म्हटले. १८६५ साली घाटातून रेल्वे सुरू झाली, बैलांचे तांडे संपले, देवीचे प्रयोजनही तेव्हाच संपले, आता उरली ती सवय, असा माझा निष्कर्ष होता. लेखाचे कौतुक झाले. मीही खूश होतो.

वडिलांनी लेख दोनदा वाचला. ते रेल्वेत असिस्टंट ड्रायव्हर होते आणि त्यांची बरीचशी नोकरी घाटातल्या बँकरवर गेली. आमच्या भागाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. कसारा ते इगतपुरी हा चढ ३७ फुटांना एक फूट असा आहे. वर येणाऱ्या गाडीला कसाऱ्याला मागून जादा इंजिने लावतात. ती गाडी ढकलत इगतपुरीपर्यंत आणतात आणि इथे सुटतात. त्यांना बँकर म्हणतात. पावसाळ्यात, धुक्यात, निसरड्या रुळांवर हे काम करून घरी आले की वडील बूट काढता काढता म्हणायचे, "घेतलं बाई वर." आई विचारायची नाही, कोणी घेतलं म्हणून.

लेख खाली ठेवून ते एवढेच म्हणाले, "सवय म्हणतोस. मग एवढी वर्षं मी हात कुणाला जोडत होतो?"

मी तेव्हा काहीतरी पुस्तकी उत्तर दिले. ते आता आठवतही नाही. वडील गेले त्याला आता बरीच वर्षे झाली. पण त्यांच्या प्रश्नातला युक्तिवाद मला फार उशिरा दिसला. तो असा. तांडे संपल्यावर देवीचे काम संपले असते, तर ज्याने कधी बैल हाकला नाही त्या रेल्वे कामगाराने तिला हात जोडायचे कारण नव्हते. त्याला ही सवय वारशाने आलेली नव्हती. आमचे आजोबा नगर जिल्ह्यातून आले. घाट ही त्यांच्या कुळाला माहीत नसलेली गोष्ट. वडील घाटात काम करू लागले आणि घाटनदेवीचे झाले. म्हणजे इथे जुनी श्रद्धा शिल्लक राहिलेली नव्हती, नव्या माणसाने ती नव्याने धरली होती.

कोसंबींच्या पद्धतीची मर्यादा मला इथे जाणवते. एखादे दैवत अमुक जागी का आले, हे त्यांच्याइतके चांगले कुणी सांगितलेले नाही. पण उगम सांगितला की अर्थही सांगून झाला, असे त्यांचे अनुयायी धरून चालतात. मीही तेच केले. दैवत एकदा बसले की पुढे त्याच्याशी माणसे काय करतात, हा स्वतंत्र प्रश्न आहे. त्याचे उत्तर व्यापारी वाटांच्या नकाशात मिळत नाही.

बोरघाटातल्या शिंगरोबाचे उदाहरण पाहा. घाटाची वाट इंग्रजांना शिंगरोबा धनगराने दाखवली आणि बक्षीस म्हणून त्याचा जीव घेतला गेला, अशी कथा आहे. जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने जाणारे वाहनचालक अजून त्याच्यापुढे नाणे टाकतात. त्याची कथा इंग्रजांच्या काळातली. तिला व्यापारी तांड्यांचा पूर्वेतिहास नाही. वाट तयार झाली आणि वाटेबरोबर दैवतही तयार झाले. तेव्हा घाटात देव का लागतो, याचे उत्तर प्राचीनतेत नसून घाटातच शोधले पाहिजे.

उसुई घाटाचा आरसा

पाहुणे जपानच्या गुन्मा प्रांतातले होते. त्यांच्या भागात उसुई नावाचा घाट आहे, एवढे ते बोलले होते. मग मी वाचत गेलो आणि थक्क झालो.

उसुई घाट गुन्मा आणि नागानो या दोन प्रांतांच्या सीमेवर आहे. एदो, म्हणजे आजचे टोकियो, आणि क्योटो यांना डोंगरातून जोडणारा नाकासेंदो मार्ग त्यावरून जाई. १८९३ साली तिथे रेल्वे आली. चढ १५ फुटांना एक फूट, म्हणजे आमच्या दुपटीहून अधिक. अकरा किलोमीटरच्या टप्प्यात २६ बोगदे. सुरुवातीला दात्यांच्या रुळावरून इंजिन चढत असे. १९६३ पासून पायथ्याच्या योकोकावा स्थानकात गाडीला जादा इंजिने लागू लागली. इंजिने लावेपर्यंत गाडी थांबे, प्रवासी खाली उतरत आणि मातीच्या भांड्यातला भात विकत घेत. इगतपुरीच्या फलाटावर ज्याने वडा खाल्ला आहे, त्याला हे चित्र परके वाटू नये. १९९७ साली नागानोची वेगवान शिंकान्सेन सुरू झाली आणि घाटातली जुनी लाईन बंद झाली.

या घाटाच्या माथ्यावर कुमानो कोताई देवस्थान आहे. त्याची कथा अशी. राजपुत्र यामातो ताकेरू पूर्वेची मोहीम संपवून परतताना इथे धुक्यात वाट चुकला. तेव्हा एका दैवी कावळ्याने त्याला वाट दाखवली, म्हणून त्याने इथे देव स्थापला. समुद्र शांत व्हावा म्हणून त्याच्या पत्नीने लाटांत उडी घेतली होती. 'निहोन शोकी'नुसार याच घाटावरून त्याने पूर्वेकडे वळून तिच्यासाठी शोक केला. घाट म्हणजे मागे वळून बघण्याची शेवटची जागा. पुढे पाऊल टाकले की मागचा मुलूख दिसेनासा होतो.

आणि मुख्य गोष्ट. दोन प्रांतांची सीमा या देवस्थानाच्या गाभाऱ्यातून जाते. युद्धानंतरच्या कायद्यानुसार धार्मिक संस्थांची नोंदणी प्रांतवार झाली, त्यामुळे एकाच देवस्थानाच्या कागदोपत्री दोन संस्था झाल्या. पुजारी दोन, दानपेट्याही दोन. देव मात्र एकच. पाहुण्यांनी "कोणत्या बाजूची?" असे का विचारले, ते मला हे वाचल्यावर समजले. त्यांच्या मनात बहुधा "दोन्ही बाजूंची" हेच उत्तर होते.

जपानी भाषेत घाटाला 'तोगे' म्हणतात. चिनी लिपीत हे अक्षर नव्हते, ते जपान्यांनी स्वतः घडवले. डोंगर, वर आणि खाली ही तीन चिन्हे जोडून ते होते. हा शब्द 'तामुके' यावरून आला असे मानतात. तामुके म्हणजे वाटसरूने घाटाच्या देवाला वाहिलेली भेट. हे मत खरे असेल तर त्या भाषेत घाटाचे नावच मुळी नारळ फोडण्यावरून पडले आहे.

अठराव्या शतकातला विद्वान मोतोओरी नोरिनागा याने 'कामी' या शब्दाची केलेली फोड इथे उपयोगी पडते. जे जे नेहमीच्या पलीकडचे आहे आणि ज्यापुढे माणूस दबकतो, ते कामी. त्यात डोंगर येतो, समुद्र येतो, झाड येते. चांगले-वाईट हा निकष नाही. नारा प्रांतातल्या मिवा देवस्थानात देवाचा गाभाराच नाही. मागचा डोंगर हाच देव. आमच्याकडे कळसूबाईची गोष्ट सांगतात. भांडी घासणार नाही आणि केर काढणार नाही, या अटीवर कामाला राहिलेली काळसू, अट मोडली तेव्हा डोंगरावर निघून गेली. १,६४६ मीटरवर तिचे देऊळ खोलीएवढेही नाही, पण खालच्या गावांना डोंगर दिसला की कळसूबाई दिसली. ही समजूत आपल्याकडेही आहे. तिला नाव दिलेले नाही, इतकेच.

आरशाची दुसरी बाजू

इथे थांबलो असतो तर लेख गोड झाला असता. जपानविषयी लिहिताना आपल्याकडे असे बऱ्याचदा होते. शिंतो म्हणजे निसर्गपूजा, जपानी माणूस झाडाला देव मानतो, म्हणून तिथली झाडे वाचली, असे म्हणून लेखक मोकळा होतो. इतिहास तसे सांगत नाही.

शतकानुशतके तिथे बुद्ध आणि कामी एकाच आवारात नांदत होते. १८६८ साली नव्या राजवटीने त्यांना हुकमाने वेगळे केले. अनेक मूर्ती आणि विहार नष्ट झाले. १९०६ साली देवस्थानांच्या एकत्रीकरणाचा आदेश निघाला. ज्यांना उत्पन्न नाही, नियमित पुजारी नाही, अशी छोटी ठाणी मोडून एका मोठ्या देवस्थानात मिळवायची. काही वर्षांत सुमारे ७०,००० देवस्थाने गेली. त्यांच्याभोवतीच्या राया तोडून लाकूड विकले गेले.

या धोरणाविरुद्ध ज्याने सर्वांत जिद्दीने झुंज दिली, तो मिनाकाता कुमागुसु हा माझा आवडता माणूस आहे. विद्यापीठाची पदवी नाही. लंडनला ब्रिटिश म्युझियममध्ये बसून स्वतःच शिकला, 'नेचर'मध्ये लिहिले आणि मायदेशी येऊन बुरशीसारख्या श्लेष्मकवकांचा अभ्यास केला. त्याने १९१२ साली या एकत्रीकरणाचे आठ तोटे मांडले. त्याचे म्हणणे निव्वळ भाविकाचे नव्हते. रान गेले की त्यातले जीव जातात, गावाची एकत्र येण्याची जागा जाते, स्थानिक इतिहासाचा पुरावाही जातो, असे तो सांगत होता. १९१० मध्ये त्याला अटक झाली. लोकसाहित्याचे अभ्यासक यानागिता कुनिओ यांनी त्याची पत्रे छापून जाणकारांपर्यंत पोचवली. १९२० साली धोरण मागे पडले, पण तोवर बरेच काही तोडून झाले होते.

आपल्याकडे देवरायांचा पद्धतशीर अभ्यास १९७० च्या दशकात वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी केला. तिथे झाडे का टिकली आणि कशामुळे जाऊ लागली, हे दोन्ही त्यांनी नोंदवले. आपल्याकडे सरकारी आदेशाची गरज लागलेली नाही. रान राखणारा देव छपराशिवाय राहिला तर ते गावाला कमीपणाचे वाटते. मग वर्गणी निघते, रायीतली झाडे विकून किंवा वापरून देऊळ उभे राहते. देवीला घर मिळते, पण तिचे घर जे होते ते जाते.

कुठल्याही गावात जीर्णोद्धाराची चर्चा निघाली की आता एक नवा युक्तिवाद ऐकू येतो. जपानमध्येही इसेचे देवस्थान दर वीस वर्षांनी पाडून नवे बांधतात, मग आपण का नको? हा युक्तिवाद अर्धवट माहितीचा आहे. इसेचे पुनर्बांधकाम खरे आहे. २०१३ साली ते ६२ व्या वेळी झाले, पुढचे २०३३ साली आहे. पण शेजारच्या मोकळ्या जागेवर हुबेहूब तीच वास्तू, त्याच मापाची, त्याच लाकडाची उभारतात. त्यासाठी लागणारे वृक्ष आपल्याच रानात वाढावेत म्हणून १९२३ साली दोनशे वर्षांची योजना आखली गेली. तिथे नवे बांधतात ते जुने तसेच राहावे म्हणून. आपण नवे बांधतो ते जुने दिसू नये म्हणून. या दोन क्रियांना एकच नाव देणे योग्य नाही.

बोगद्यानंतर

५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा खुला झाला. आमच्या डोंगराच्या पोटातून सुमारे आठ किलोमीटरचा जोडबोगदा गेला आहे. आता नाशिककडून येणारी मोटार घाट न पाहताच खाली उतरते. धुके नाही, वळण नाही, दरी नाही. मोटारीत झोपलेल्या मुलाला सह्याद्री ओलांडल्याचे कळतही नाही.

जुन्या लेखातल्या माझ्या तर्काने आता निकाल देणे सोपे आहे. घाट गेला, देवीही जाईल. पण उसुईकडे पाहिले की तो तर्क टिकत नाही. तिथली जुनी पायवाट मागे पडली, रेल्वे खालून बोगद्यांतून गेली आणि मग ती रेल्वेही बंद झाली. देवस्थान तिथेच आहे. आवारातले शेकडो वर्षांचे लिंडेनचे झाडही आहे आणि माणसे मुद्दाम चढून तिथे जातात. वाहतुकीवर देव अवलंबून असता तर १८९३ नंतर तिथे कुणी गेले नसते.

म्हणून पाहुण्यांच्या प्रश्नाचे माझे आजचे उत्तर असे. घाटनदेवी वरचीही नाही आणि खालचीही नाही. एक मुलूख संपून दुसरा सुरू होतो त्या कडेची ती देवी आहे. तांडेवाल्याला, बँकरवरच्या माणसाला, ट्रकवाल्याला त्या कडेवर जे वाटले, त्याला तिने नाव दिले. कडा बोगद्याने नाहीशी होत नाही. कडेपर्यंत येणारी माणसे मात्र कमी होतील. ती का यावीत, हे त्यांना सांगण्याचे काम आता आपल्यासारख्यांवर येते. ते शैलपुत्रीच्या कथेने भागणार नाही आणि व्यापारी वाटेच्या नकाशानेही नाही.

जागा राखणे हे त्यातले पहिले काम. देवळामागून दरी दिसली पाहिजे. समोरचे डोंगर मंडपाच्या भिंतीआड जाता कामा नयेत. वाऱ्याला वाट राहिली पाहिजे. सिमेंटने चारी बाजू बंद केलेल्या गाभाऱ्यात बसलेली देवी कुठलीही असू शकेल. घाटनदेवी राहायची तर तिच्या पाठीशी घाट दिसायला हवा.

गेल्या आषाढात मी एकटाच देवळात गेलो होतो. धुके इतके दाट होते की पायऱ्याही दिसत नव्हत्या. खालून बँकर लागलेली मालगाडी वर येत होती. ती दिसत नव्हती, नुसता आवाज येत होता, अडखळत, पण न थांबता. आवाज सपाटीला लागेपर्यंत मी उभा राहिलो. वडिलांना द्यायचे राहिलेले उत्तर तिथे सुचले. "तुम्ही हात कुणाला जोडत होता, ते मला आता थोडेसे कळते आहे," एवढेच मी मनात म्हणालो आणि घरी आलो.